डाय सोलर सेलचं किट: रंगाला पैकीच्या पैकी, क्लिपांना शून्य

रंगद्रव्याच्या (डायच्या) जोरावर चालणारा सोलर सेल हातानं बनवायचं हे किट परभणीसारख्या ठिकाणी मागवावं का, असं ओळखीच्या दोन-तीन कॉलेजांतल्या मास्तरांनी विचारलं, म्हणून एकदाच सविस्तर लिहून टाकतो. निकाल आधी सांगतो. एम.एस्सी.च्या पोरांना अधिशोषण, म्हणजे पृष्ठभागावर रेणू चिकटणं, डोळ्यांदेखत दाखवायचं असेल तर बेलाशक घ्या. वीज तयार करून दाखवायची असेल तरी घ्या, पण वरचं थोडं सामान पदरचं आणायची तयारी ठेवा. "आपलं कॉलेज सोलर पॅनल बनवतंय" असं सांगून मंजुरी मिळवणार असाल तर मात्र नका घेऊ, पुढं उत्तरं देता देता नाकी नऊ येतील.

किटची किंमत साडेनऊ हजार, जीएसटी वेगळा. विक्रेता बाहेरच्या राज्यातला, नाव इथं लिहीत नाही. थर्मोकोलच्या खोक्यात सामान व्यवस्थित बांधलेलं होतं, एकही काच फुटलेली नव्हती, आणि आपल्याकडचं कुरिअर बघता हे काही थोडं नाही. आत एफटीओच्या काचा, म्हणजे एका बाजूला फ्लोरीन घातलेल्या टिन ऑक्साइडचा वीज वाहणारा पारदर्शक थर असलेल्या. टायटॅनियम डायऑक्साइडच्या पेस्टची बरणी. प्लॅटिनमच्या द्रावणाची ड्रॉपरवाली बाटली. आयोडाइडचं इलेक्ट्रोलाइट. वाळलेल्या जास्वंदीची पूड. कागद लावायच्या काळ्या बाइंडर क्लिपा. आणि तपकिरी काचेच्या इवल्याशा बाटलीत २० मिलिग्रॅम एन७१९, म्हणजे उजेड टिपणारी रुथेनियमची डाय. निम्मे पैसे बहुतेक या शेवटच्या बाटलीचेच असावेत, आणि ते वसूल होतात.

ज्यांचा विषय वेगळा आहे त्यांच्यासाठी थोडक्यात. टायटॅनियम डायऑक्साइड, आपल्या भिंतीच्या रंगात असतो तोच पांढरा पदार्थ, चांगला अर्धवाहक आहे. पण त्याच्या ॲनाटेज या स्फटिकरूपाचा बँड गॅप, म्हणजे इलेक्ट्रॉन मोकळा करायला लागणारी किमान ऊर्जा, ३.२ इलेक्ट्रॉन व्होल्ट. म्हणजे साधारण ३८८ नॅनोमीटरच्या खालचा, अतिनील प्रकाशच त्याला लागू पडतो. दिसणारा सगळा उजेड त्याच्यावरून परत जातो, म्हणून तर तो पांढरा दिसतो. मग युक्ती अशी की उजेड टिपायचं काम दुसऱ्याला द्यायचं. रुथेनियम धातूभोवती इतर रेणू बांधलेला गडद रंगाचा संकुल रेणू त्या पृष्ठभागावर चिकटवायचा. तो उजेड घेतो, त्याचा इलेक्ट्रॉन टायटेनियात, म्हणजे त्याच टायटॅनियम डायऑक्साइडमध्ये, उतरतो, तिथून काचेवर आणि तारेत. इलेक्ट्रॉन गमावलेल्या रेणूला इलेक्ट्रोलाइटमधला आयोडाइड पुन्हा भरपाई करतो, आणि आयोडाइडची भरपाई समोरच्या प्लॅटिनमच्या काचेवर होते. चक्र पुरं.

एन७१९ हे त्या रेणूचं दुकानी नाव. मध्ये रुथेनियम, त्याला दोन बायपिरिडीन, आणि दोन थायोसायनेट. बायपिरिडीनवर कार्बोक्झिलिक गट आहेत, तेच टायटेनियाला धरून बसतात. उजेड पडला की इलेक्ट्रॉन धातूकडून बायपिरिडीनकडं सरकतो, म्हणजे नेमका टायटेनियाच्या बाजूलाच. थायोसायनेटची टोकं उलट दिशेला, आयोडाइडकडं तोंड करून. रेणू असा बसवलाय की इलेक्ट्रॉन कुठं जावा आणि कुठून परत यावा हे त्याच्या ठेवणीतच ठरलेलं. टायटेनियात इलेक्ट्रॉन उतरायला लागणारा वेळ फेम्टोसेकंद ते पिकोसेकंदांचा, आणि उलटा परत यायला लागतो त्याच्या कितीतरी पट जास्त. सगळा सेल या फरकावर चालतो.

किटचं खरं सोनं इथंच आहे. ०.३ मिलिमोलर द्रावण करायचं तर रेणुभार ११८८ धरून २० मिलिग्रॅममध्ये साधारण ५५ मिलिलिटर होतं, आणि एवढं द्रावण झाकून, अंधारात ठेवलं तर पोरांच्या एका बॅचला पुरून उरतं. इथेनॉलमध्ये विरघळायला थोडा वेळ घेतं, घाई करू नका. भट्टीतून काढलेल्या पांढऱ्या पट्ट्या, म्हणजे टायटेनियाचा थर दिलेल्या काचा, संध्याकाळी त्यात बुडवून ठेवल्या. सकाळी आमचे लॅबचे मामा झाकण उघडून म्हणाले, "सर, हे तं भिंतीवर पान खाऊन थुंकल्यावाणी दिसायलंय." अगदी तोच रंग. इथेनॉलनं धुतलं, पुन्हा धुतलं, खाली पडणारं इथेनॉल स्वच्छ झालं तरी काचेवरचा लाल तसूभर हलला नाही.

विक्रेत्याच्या पुस्तिकेत नाही असा एक प्रयोग सांगतो, तो करून बघाच. आमच्या कपाटात जुन्या प्रोजेक्टमधलं ट्रिस-बायपिरिडीन रुथेनियम क्लोराइड पडून होतं. नारिंगी रंगाचं, आणि त्यालाही रुथेनियम, बायपिरिडीन सगळं तेच, फक्त कार्बोक्झिलिक गट नाहीत. तशीच पांढरी पट्टी त्यातही रात्रभर ठेवली. सकाळी नारिंगी दिसली, पोरं खूश. इथेनॉलची पिचकारी मारली आणि बघता बघता पट्टी जवळपास पांढरी. गंगाखेडची एक पोरगी लगेच म्हणाली, "म्हंजे सर, रंग असून भागत नाही, धरायला हात पाहिजे." मी तिला वहीत तेच लिहायला सांगितलं.

हा धडा शिकायला जगालाही वेळ लागला होता. झिंक ऑक्साइडवर रंग लावून प्रवाह मिळवायचे प्रयोग गेरिशर आणि ट्रिबुच यांनी १९६८ मध्ये केले होते. रुथेनियमचा संकुल टायटेनियाच्या इलेक्ट्रोडला रासायनिक बंधानं जोडायचं काम १९७९ मध्ये ऑक्सफर्डच्या गटानं प्रसिद्ध केलं, आणि त्या गटात जॉन गुडइनफ होते. होय, लिथियम बॅटरीवाले, ज्यांना २०१९ मध्ये ९७व्या वर्षी नोबेल मिळालं, तेच. पण सपाट इलेक्ट्रोडवर रेणूंचा एकच थर बसतो आणि तो पडलेल्या उजेडाचा एखादा टक्काही धरत नाही. दुसरा थर चढवून उपयोग नाही, कारण वरच्या रेणूचा इलेक्ट्रॉन खाली पोचत नाही. कोंडी फुटली ती १९९१ मध्ये, स्वित्झर्लंडच्या लोझानमध्ये. ब्रायन ओरेगन आणि मिखाएल ग्रेट्झेल यांनी पंधरा-वीस नॅनोमीटरच्या कणांचा सच्छिद्र थर वापरला. दहा मायक्रॉन जाडीच्या थराचा आतला पृष्ठभाग वरून दिसणाऱ्या क्षेत्रफळाच्या जवळपास हजारपट. थर रेणूंचा एकच, पण उजेड वाटेत शेकडो रेणूंना भेटत जातो. कार्यक्षमता एकदम ७ टक्क्यांवर गेली.

म्हणून किटमधली पेस्ट कशी आहे हा डायच्या बरोबरीचा प्रश्न. ही चांगली आहे. काचेच्या दोन कडांना चिकटपट्टी लावायची, मध्ये पेस्टचा थेंब ठेवून काचेच्या कांडीनं एका दमात ओढायचं. पेस्ट लोण्यासारखी मऊ, गुठळ्या नाहीत. कुठली बाजू वीज वाहते ते मल्टिमीटरनं बघून घ्या. चुकीच्या बाजूला थर दिला तर तोही तसाच सुंदर बसतो आणि सेल मेलेला निघतो. मग मफल फर्नेसमध्ये ४५० अंशांवर अर्धा तास. हे बघायला पोरांना भट्टीजवळच बसवा आणि अधूनमधून दार किलकिलं करून दाखवा. पांढरा थर तापता तापता आधी पिवळट, मग चांगला तपकिरी होतो, आता जळालाच असं वाटतं, आणि पेस्टमधला सेल्युलोज पुरता जळून गेला की परत पांढराशुभ्र. फर्नेस नसलेल्या कॉलेजांनी हे किट घेऊ नये. गॅसच्या शेगडीवर काच तापवायचे व्हिडिओ आहेत, पण एकसारखी उष्णता मिळत नाही आणि काच तडकते. आणि दुपारी लाईट जायच्या वेळा बघून फर्नेस लावा. मध्येच गेली तर थर अर्धा भाजलेला राहतो, तो नखानं निघतो.

पुस्तिकेबद्दल. आठ पानं, इंग्रजी, आणि ज्यानं लिहिली त्यानं स्वतः हे सेल बनवलेत याची मला खात्री वाटत नाही. "थंड झाल्यावर डायमध्ये बुडवा" असं लिहिलंय. थंड म्हणजे किती? काच ८० अंशांच्या आसपास कोमट असतानाच बुडवायची असते, नाहीतर हवेतली वाफ छिद्रांत जाऊन बसते आणि डायची जागा खाते. परभणीत मे महिन्यात कोरड्या हवेत हे चालून जाईल, जुलैत फरक दिसतो. पाणी पुढंही शत्रूच, सेलमध्ये शिरलं तर चिकटलेली डाय हळूहळू सोडवतं. याच कारणानं पुढं लांब तैलप्रेमी शेपट्या असलेला झेड९०७ हा रुथेनियमचा भाऊ काढावा लागला. हे सगळं पुस्तिकेत दोन ओळींत सांगता आलं असतं. त्याऐवजी पहिलं पान पृथ्वी वाचवण्याला दिलंय.

आणखी एक राहिलेली गोष्ट म्हणजे डाय किती चिकटली हे मोजणं. एवढी महाग डाय देता, मग ते मोजायला का शिकवत नाही? सोपं आहे. रंगलेली एक चौरस सेंटिमीटरची पट्टी ०.१ मोलर सोडियम हायड्रॉक्साइडच्या ५ मिलिलिटरमध्ये हलवा. इथेनॉलला दाद न देणारा रंग बघता बघता उतरतो, कारण अल्कलीपुढं तो कार्बोक्झिलेटचा बंध टिकत नाही. द्रावणाचं शोषण ५०० नॅनोमीटरच्या आसपास स्पेक्ट्रोफोटोमीटरवर घ्या आणि शोषणावरून प्रमाण काढायचा बिअर-लँबर्टचा नियम लावा. उत्तर चौरस सेंटिमीटरला १०⁻⁷ मोलच्या आसपास आलं तर पट्टी व्यवस्थित. ज्या कॉलेजात स्पेक्ट्रोफोटोमीटर वर्षातून एकदा, कॉलेजांना श्रेणी देणाऱ्या नॅकच्या टीमसाठी, धूळ झटकून लावतात, तिथं त्याला या निमित्तानं काम मिळेल.

आता गाऱ्हाणं. इलेक्ट्रोलाइट ॲसिटोनायट्राइलमध्ये आहे. उकळणबिंदू ८२ अंश, नुसतं उघडं ठेवलं तरी उडून जाणारं. आणि हे इलेक्ट्रोलाइट दोन काचांमध्ये सोडून वर काय लावायचं, तर दोन बाइंडर क्लिपा. कडा उघड्या! एप्रिलात आमच्या गॅलरीत दुपारी पारा बेचाळिशीत. सेल बाहेर नेला तेव्हा मीटर छान उसळला, आणि पोरं फोटो काढून वर्गात परतायच्या आत आकडा घसरायला लागला. संध्याकाळी काचा उघडल्या तर आत पिवळा सुका डाग. उडून न गेलेलं आयोडीन क्लिपेला लागलं होतं, आठवड्यात क्लिपेचा रंग उडून खाली गंज. विक्रेत्याला व्हॉट्सॲपवर फोटो पाठवला. उत्तर लगेच आलं, त्याबद्दल तक्रार नाही. उत्तर होतं, "कृपया सेल एसी रूममध्ये वापरावा." सूर्यावर चालणारी वस्तू एसी रूममध्ये वापरावी! आमच्या कॉलेजात एसी प्राचार्यांच्या केबिनला आणि सर्व्हर रूमला. शिवाय ॲसिटोनायट्राइल विषारी आहे, खिडक्या उघड्या ठेवून काम करा असा इशारा मोठ्या अक्षरात हवा होता. तो शेवटच्या पानावर, बारीक टायपात आहे.

उपाय आहे आणि फार महाग नाही. थ्री-मेथॉक्सिप्रोपिओनायट्राइल हे द्रावक मागवा, त्याचा उकळणबिंदू दीडशेच्या पुढं आहे. लिथियम आयोडाइड आणि आयोडीन प्रत्येक रसायन विभागात सापडतं. कडा बंद करायला सर्लिनची, म्हणजे उष्णतेनं वितळून चिकटणाऱ्या प्लॅस्टिकची, ६० मायक्रॉनची शीट मिळते, तिची चौकट कापून काचांमध्ये ठेवायची आणि घरची इस्त्री मंद ठेवून वरून दाबायची. एका कोपऱ्यात फट सोडून तिथून इलेक्ट्रोलाइट भरा, मग एपॉक्सीनं बुजवा. असे बंद केलेले सेल आमच्याकडं पावसाळा काढून अजून चालू आहेत. थोडा प्रवाह कमी मिळतो, कारण हे द्रावक घट्ट आहे, पण टिकतं. साडेनऊ हजारांच्या खोक्यात सर्लिनचा वीतभर तुकडा टाकायला विक्रेत्याला काय जड जात होतं, कळत नाही.

आकडे सांगतो. एक चौरस सेंटिमीटरचा सेल, भर दुपारचं ऊन, उघड्या मंडलाचा व्होल्टेज ०.६६ व्होल्ट, शॉर्ट सर्किट प्रवाह ७ मिलिअँपिअर. व्हेरिएबल रोध फिरवत आलेख काढला तर जास्तीत जास्त शक्ती सव्वादोन मिलिवॅटच्या आसपास. चौरस सेंटिमीटरवर उन्हाचे १०० मिलिवॅट धरले तर कार्यक्षमता दोन टक्क्यांच्या थोडी वर. खोक्यावर "५ टक्क्यांपर्यंत" छापलंय. हातानं ओढलेल्या थराला दोन टक्के मला तरी मान्य आहेत. याच एन७१९वर ग्रेट्झेलच्या प्रयोगशाळेनं ११ टक्क्यांच्या वर मजल मारली, पण तिथं टायटॅनियम टेट्राक्लोराइडची प्रक्रिया, प्रकाश विखुरणारा वरचा थर, असे बरेच सोपस्कार असतात. मोजताना सेलभोवती काळी पट्टी लावून नेमकी खिडकी ठेवा. नाहीतर कडेनं शिरलेला उजेड प्रवाह फुगवतो आणि पोरं पाच टक्क्यांचा पेपर लिहायला बसतात.

जास्वंदीची पूड किटमध्ये कशाला दिली ते समजतं, शाळांना दाखवायला. वनस्पतीतल्या अँथोसायनिनला शेजारी-शेजारी हायड्रॉक्सिल असतात, ते टायटेनियमला धरतात, म्हणून जास्वंद, जांभूळ, डाळिंबाची साल यांचा रंग चढतो. पुडीपेक्षा ताजं जांभूळ बरं निघालं, व्होल्टेज ०.४ आणि प्रवाह एक मिलिअँपिअरच्या आतबाहेर. पोरांनी हट्टानं वसमतची हळदही लावून बघितली. पिवळी पट्टी दिसायला झकास, पण कर्क्युमिन ४२५ नॅनोमीटरच्या आसपासचा निळा उजेडच खातं, बाकी सगळं ऊन वाया. रुथेनियमची डाय ५३० नॅनोमीटरच्या भोवती आणि पुढं सातशेपर्यंत पसरलेली आहे, तिथं फरक पडतो. एकाच दिवशी तिन्ही पट्ट्या शेजारी ठेवून मोजा, वेगळं व्याख्यान द्यावं लागणार नाही.

रुथेनियम दुर्मिळ आणि महाग आहे, म्हणून झिंकच्या पॉर्फिरिनवर, म्हणजे हिरव्या डायवर, आणि कोबाल्टच्या इलेक्ट्रोलाइटवर काम झालं. २०११ मध्ये त्या जोडीनं, सोबत आणखी एक सेंद्रिय डाय घेऊन, १२.३ टक्के गाठले. विक्रेत्यानं कधी पॉर्फिरिनची बाटली वेगळी विकायला काढली तर मी घेईन, हिरवी पट्टी अजून पोरांना दाखवायची आहे.

शेतकऱ्यांच्या घरची पोरं वर्गात आहेत, त्यामुळं एक प्रश्न ठरलेला. "सर, यावर मोटर चालंल का?" गणित फळ्यावर करून दाखवलं. तीन एचपीची मोटर म्हणजे सव्वाबावीसशे वॅट, आपला सेल सव्वादोन मिलिवॅट. दहा लाख सेल. पाठीमागच्या बाकावरून आवाज आला, "मंग विहिरीपेक्षा सेललाच जास्त जागा लागल." छतावर आणि बांधावर सिलिकॉनचंच पॅनल लावायचं, त्यात वाद नाही. या सेलची जागा घरातल्या, विखुरलेल्या उजेडात आहे. २०१७ मध्ये तांब्याच्या संकुलाचं इलेक्ट्रोलाइट वापरलेल्या अशा सेलनं १००० लक्सच्या दिव्याखाली २८.९ टक्के दिले होते. आमचेही तीन सेल जोडून खिडकीतलं डिजिटल घड्याळ चालतं, ढग असले तरी चालतं.

गुण द्यायचे तर डाय पाचपैकी पाच, पेस्ट आणि काचा साडेचार, प्लॅटिनमचं द्रावण चार, पुस्तिका दोन, क्लिपा आणि इलेक्ट्रोलाइट मिळून शून्य. सगळं मिळून साडेतीन. मागवणार असाल तर फेब्रुवारीच्या आत मागवा, प्रॅक्टिकलं उरकून घ्या. विक्रेता आता एकटी डायची बाटलीही देतो, काचा आणि पेस्ट इतर ठिकाणीही मिळतात. पुढच्या वर्षासाठी मी तेवढीच बाटली मागवली आहे, आणि मामांना घरून जुनी इस्त्री आणायला सांगितलं आहे.